बिल नसलेलं बियाणं घेतलं अन् पाच एकर पऱ्हाटी स्वतःच्या हातानं जाळली

हे लिहावं की नाही असं बरेच महिने डोक्यात चालू होतं, कारण यात माझीही चूक आहेच, पण परवा शेजारच्या गावात तसंच चकचकीत पॅकेट एकाच्या हातात पाहिलं आणि राहवलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू कास्तकार आहे मी, राळेगावकडचा, पाच एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस अन् थोडं सोयाबीन.

2024 च्या मे महिन्यातली गोष्ट. कापसाचं एक बियाणं चोरून विकते, आमच्याकडे त्याला कोणी चोर बीटी म्हणते, कोणी तणावाली म्हणते, म्हणजे एचटीबीटी, ज्याच्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी मरत नाही फक्त तण मरते. याला परवानगी नाही हे मला माहीत होतं, खोटं कशाला बोलू. पण निंदणाचा, म्हणजे तण काढायच्या मजुरीचा, हिशेब करा तुम्ही, एकरी आठ बाया, अडीचशे रुपये मजुरी, पाच एकराला एका निंदणाचे दहा हजार, आणि पाऊस लागून राहिला की तीन निंदणं कुठं गेली नाहीत. त्यात बाया वेळेवर भेटतच नाहीत. माझ्या साळ्यानं आदल्या वर्षी हेच बियाणं लावलं होतं, त्याचं वावर मी स्वतः पाहिलं, खरंच साफ होतं. म्हणून मन वळलं.

बियाणं आणून देणारा पोरगा ओळखीतलाच, बाजूच्या गावचा. आधी व्हॉट्सॲपवर पॅकेटचा फोटो, मग रात्री साडेनऊला गाडीवर पिशवी घेऊन घरी. कंपनीचं बीजी-टू चं, म्हणजे परवानगी असलेल्या बोंडअळीच्या बीटीचं, पॅकेट त्या वर्षी 864 रुपयाला होतं, यानं 1350 सांगितले. दहा पॅकेट, साडेतेरा हजार, नगदी. मी बिल मागितलं तर म्हणे, "भाऊ, याचं बिल नाही भेटत, पण टेन्शन नका घेऊ, गॅरंटी माह्यी."

पॅकेटवर कापसाचा मोठा फोटो, इंग्रजीत नाव. लॉट नंबर नाही, उगवणशक्ती लिहिलेली नाही, कंपनीचा पत्ता नाही. आता हे सगळं आठवते, तेव्हा पाहूनही पाहिलं नाही. बी टोबताना लाल रंग बोटाला इतका लागत होता की बायको म्हणाली, हे काल रंगवल्यासारखं वाटते. तिचं ऐकायला पाहिजे होतं.

आणखी एक गोष्ट, पऱ्हाटीवर ग्लायफोसेट मारायचं म्हटलं की मधात दुसरं काहीच लावता येत नाही, ते सगळ्यालाच जाळते. आम्ही दरवर्षी आठ तासं, म्हणजे ओळी, पऱ्हाटी अन् एक तास तुरीचं टाकतो, घरची वर्षाची डाळ त्यातून होते. आणि माय तासातासात अंबाडी, बरबटी, काकडीचं बी टाकत जाते, तिच्या सासूपासून चालत आलेलं. त्या वर्षी मी तिला नाही म्हटलं. "मंग अंबाडीची भाजी इकत आणू काय रे बाबू?" एवढंच बोलली ती.

उगवण बरी झाली. पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी पाच एकरावर तणनाशक मारलं. पहिले चार दिवस काहीच नाही, ग्लायफोसेटचं तसंच असते, हळूहळू मुळापर्यंत जाते. मी खुशीत. सातव्या-आठव्या दिवशी सकाळी वावरात गेलो तर केणा हे तण पिवळं पडलेलं, आणि त्याच्या बाजूला पऱ्हाटीचा शेंडा पण पिवळा. वाटलं पाणी साचलं असेल. पुढे गेलो तर तेच. एका ओळीत बसून शंभर झाडं मोजली, एक्केचाळीस हिरवी होती, बाकीचे शेंडे मान टाकून. हातानं शेंडा धरला तर मऊ लागला, शिजलेल्या भाजीसारखा. धुऱ्यावर बसून राहिलो कितीतरी वेळ, घरी जायची हिंमत होत नव्हती.

पोराला फोन केला, पहिल्या दिवशी म्हणाला तुमचं औषधाचं प्रमाण चुकलं, दुसऱ्या दिवशी म्हणाला मी तर नुसता आणून देणारा, तिसऱ्या दिवसापासून फोन बंद.

मग कृषी सहायकाला हात जोडून वावर दाखवलं. त्यांनी ओरडायच्या आधी झाडं पाहिली आणि जे सांगितलं ते सगळ्यांनी नीट समजून घ्या. जी झाडं वाचली त्यातलं एक गुडघ्याएवढं, शेजारचं वितभर, पानाचा आकार वेगवेगळा. खरं हायब्रीड असं नसते, त्याचं सगळं वावर एकसारखं दिसते. त्यांचं म्हणणं, ही जिनिंगमधून निघालेली सरकी असेल, रंग लावून पॅकेटात भरलेली. हायब्रीडच्या कापसातून निघालेली सरकी परत पेरली की गुण फुटतात, काही झाडात तणनाशक सोसायचा जीन येतो, काहीत येत नाही, बोंडअळीचा पण तसाच. त्यात साधी सरकी मिसळली असेल तर विचारूच नका. पान वाटून पट्टीवर त्याची टेस्ट होते, पण पेरायच्या आधी कोण करते आपल्यातलं?

मी म्हटलं तक्रार देतो. ते म्हणाले, तुम्ही परवान्याच्या दुकानातून घेतलं असतं तर तालुक्याची बियाणे तक्रार समिती वावरात आली असती, पंचनामा झाला असता, तो कागद घेऊन ग्राहक आयोगात पण जाता आलं असतं. आता बिल नाही, टॅग नाही, आणि जे बियाणं घेतलं तेच बेकायदेशीर, तक्रारीत लिहिणार काय? मला तिथं समजलं की त्या पोरानं मला बियाण्यात नाही, बिलात फसवलं. चोरीच्या मालात फसवणाऱ्याला कशाचीच भीती नसते, कारण फसलेला माणूस तोंड उघडू शकत नाही.

काहीजण म्हणतील, सरकारनं परवानगी दिली असती तर ही वेळच आली नसती. 2019 ला अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी उघड एचटीबीटी पेरून हेच मांडलं होतं, आणि त्यांच्या बोलण्यात दम आहे असं मला आजही वाटते. पण दुसरी बाजू पण पाहा. बोंडअळीचं बीटी 2002 ला आलं ते जनुक बदललेलं बियाणं तपासणाऱ्या केंद्राच्या जीईएसी समितीनं परवानगी दिल्यावर, मग 2006 ला बीजी-टू. एवढं तपासून आलेलं बियाणं, तरी गुलाबी बोंडअळीनं त्याला दाद दिली नाही, 2017 ला आपल्या विदर्भात बोंडंच्या बोंडं सडली. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. तपासलेल्याचं हे, तर रात्री साडेनऊला गाडीवर येणाऱ्या बियाण्याचं काय? त्यात कोणता जीन आहे हे कोणीच पाहिलेलं नाही, आणि त्याच कापसाच्या सरकीचं तेल आपल्या पोटात जाते अन् ढेप आपल्या गायीच्या. ग्लायफोसेटचं पण तेच, आपल्या देशात ते चहाच्या मळ्यासाठी अन् पीक नसलेल्या जागेसाठी आहे, डब्यावर लिहिलेलं असते, पऱ्हाटीसाठी नाही. ठरवायचं तर सरकारनं एकदाचं ठरवावं, हो किंवा नाही, आणि नाही तर जिनिंगपासून गावापर्यंतची ही साखळी तोडावी. हे अधांतरी लटकवून ठेवणं कास्तकाराच्याच जिवावर उठते.

माझं पुढं काय झालं ते थोडक्यात. जुलै संपता संपता रिकाम्या जागेत तूर टोबली. वाचलेल्या पऱ्हाटीत पोळ्यानंतर डोमकळ्या, म्हणजे गुलाबी बोंडअळीनं न उमलू दिलेली फुलं, दिसायला लागल्या, तीन फवारण्या जास्तीच्या गेल्या. पाच एकरात अकरा क्विंटल कापूस झाला, नेहमी पस्तीसच्या खाली येत नाही. सोसायटीचं कर्ज थकलं ते वेगळं.

आता ज्यांनी असं बिनबिलाचं बियाणं घेऊन लावून टाकलं असेल त्यांना हात जोडून सांगतो, विकणाऱ्याच्या भरवशावर त्याच्यावर तणनाशक मारू नका, महाग पडलं तरी निंदून अन् डवरूनच काढा, निदान उभी पऱ्हाटी तर राहील. आणि ज्यांनी अजून घेतलं नाही त्यांनी परवान्याच्या दुकानातूनच घ्या, बिलावर लॉट नंबर लिहून घ्या, पॅकेट खालून फाडा म्हणजे वरचं लेबल शाबूत राहते, आणि लेबल, टॅग अन् मूठभर बी त्याच पॅकेटात कापूस घरी येईपर्यंत ठेवा. माझ्या पॅकेटवर पिवळ्या पट्टीत पांढरं बोंड होतं, मागची बाजू पूर्ण कोरी. तसं कोणाकडे आलं असेल तर गावात सांगा.