विज्ञान पेटी: चुंबक पास, लिटमस नापास

शाळा रत्नागिरी तालुक्यातली, द्विशिक्षकी, पट १९. तिसरी-चौथी माझ्याकडे. या इयत्तांना विज्ञान परिसर अभ्यासाच्या पोटात असतं, ‘सामान्य विज्ञान’ हे वेगळं पुस्तक सहावीला हातात येतं. त्यामुळे प्रयोगाचं साहित्य मागितलं की समोरचा म्हणतो, "तुम्हाला कशाला?" शेवटी जूनमध्ये पदरचे १,८५० रुपये घालून ऑनलाइन पेटी मागवली.

पेटी बनवणाऱ्यांनी कोकणातला पावसाळा पाहिलेला नाही. जुलैत लिटमसच्या (आम्ल की अल्कली ते रंग बदलून सांगणाऱ्या) पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. लोखंडाच्या किसाची डबी ऑगस्टमध्ये उघडली, तर आत गंजाचा लाडू. भिंग एकच, तेही प्लास्टिकचं. दोन दिवसांत चरे पडले. मराठी माहितीचं पान वाचून मलाच घाम फुटला.

पण चुंबक! दोन पट्टीचुंबक आहेत, चांगले दमदार. किसाची बोंब झाल्यावर एक पोरगा मांडवीची वाळू पिशवीतून घेऊन आला. तो आमचा काळा समुद्र, म्हणजे काळ्या वाळूचा किनारा. त्या वाळूत लोहाची खनिजं असतात आणि त्यातलं मॅग्नेटाइट चुंबकाला झटकन धरतं. चुंबक नुसताच खुपसलात तर कण निघता निघत नाहीत (माझी अख्खी मधली सुट्टी त्यात गेली). आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, मग पिशवी उलटी केली की झालं. काळ्या कणांच्या मिशा उभ्या राहिलेल्या पाहून पोरं ओरडलीच. मग एकीने विचारलं, "बाई, पांढऱ्या समुद्राची वाळू पण अशीच चिकटेल?" दुसऱ्या दिवशी तीही वाळू आली. चार-दोन कण लागले, बाकी ढिम्म.

लिटमसचं काम कोकमाच्या आगळाने केलं. पाण्यात पातळ करून चिमूटभर खायचा सोडा टाकला, लाल रंग जाऊन काळपट निळसर झाला. वर लिंबू पिळलं, पुन्हा लाली आली. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई दारातून म्हणाल्या, "आगळ फुकट घालवलंत की हो बाई!"

मोटर आणि बल्ब अजून चालू आहेत. परीक्षानळ्या तीन होत्या, एक प्रवासातच फुटली. विक्रेत्याने बदलून दिली नाही.

पाचापैकी अडीच तारे, त्यातले दोन चुंबकाचे. असे चुंबक सुटे मिळत असतील तर दुकान कळवा, चार घेईन.