विज्ञान आणि श्रद्धेवरचा ऑनलाइन कोर्स, घ्यावा का?

पुरावा की श्रद्धा या वादावरचा रेकॉर्डेड लेक्चर्सचा एक कोर्स नुकताच पूर्ण केला, पाचपैकी चार स्टार देतेय. या विषयावर बोलणारे बहुतेक जण आधीच एक बाजू धरून बसलेले असतात, इथल्या मॅडम तसं करत नाहीत, त्या दर वेळी आधी एवढंच विचारतात की हा दावा तपासता येतो का? येत असेल तर तपासा आणि जे निघेल ते मान्य करा, मग कोणाला कितीही लागो. येत नसेल तर विज्ञानाचं नाव घेऊन उगाच तोंड घालू नका. मला हे शंभर टक्के पटतं.

सगळ्यात भारी लेक्चर प्रार्थनेवरचं. २००६ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला, बायपासचे १८०२ पेशंट आणि तीन गट. दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही, त्यातल्या एकासाठी खरंच झाली, दुसऱ्यासाठी नाही, आणि तिसऱ्याला ठाम सांगितलं की होणारच, आणि केलीही. प्रार्थना करणाऱ्यांना पेशंटचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलेलं. इथे मॅडम व्हिडिओ थांबवून आपला अंदाज कागदावर लिहायला लावतात, ते खरंच करा, कारण आकडे बघितल्यावर 'हे तर होणारच होतं' म्हणायला काही लागत नाही. कॉम्प्लिकेशन्स झाल्या प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१, आणि प्रार्थना होतेय हे पक्कं माहीत असलेल्यांत ५९. म्हणजे फायदा काहीच दिसला नाही. पण त्या इथे टाळ्या घेऊन थांबत नाहीत, ५९ हा आकडा योगायोगाने आलेला असू शकतो हे सांगतात, आणि मुख्य म्हणजे घरच्यांच्या प्रार्थना कोणी थांबवल्या नव्हत्या, त्यामुळे तपासली गेली ती फक्त अनोळखी लोकांनी केलेली जादाची प्रार्थना. एवढा नेमकेपणा कोण दाखवतं हो?

ट्युरिनच्या कफनाचा, म्हणजे येशूला गुंडाळलं होतं असं भाविक मानतात त्या कापडाचा, भागही चांगलाय. १९८८ मध्ये तीन लॅबनी कार्बन डेटिंग केलं, म्हणजे कार्बनवरून कापडाचं वय काढलं, आणि कापड १२६० ते १३९० मधलं निघालं, हे सांगताना भाविकांची टिंगल अजिबात नाही.

बेल्जियन शास्त्रज्ञ लमेत्र यांच्यावर मात्र अजून वेळ द्यायला हवा होता. स्वतः कॅथलिक पाद्री, विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडलं, आणि १९५१ मध्ये पोपनी विश्वाच्या सुरुवातीबद्दलच्या त्यांच्या सिद्धांतात (आजचा बिग बँग) देवाने सृष्टी निर्माण केल्याचा आधार शोधला तेव्हा ते खुद्द लमेत्रना आवडलं नाही. हा माणूस दोन मिनिटांत उरकलाय!

एक स्टार कापला तो गॅलिलिओमुळे. १६३३ चा खटला सांगताना तेच जुनं चित्र, एकीकडे पुरावा आणि दुसरीकडे अडाणीपणा. गॅलिलिओ म्हणत होता तशी पृथ्वी सूर्याभोवती फिरते तर ताऱ्यांची जागा किंचित सरकताना दिसायला हवी, ते मोजता आलं १८३८ मध्ये, आणि गॅलिलिओने दिलेला भरती-ओहोटीचा पुरावा तर चुकीचाच होता. त्याचं तोंड बंद करणं चूकच, त्यात वादच नाही, पण पुरावा तेव्हा अर्धवट होता हे त्याच मॅडमनी सांगायला नको?

शेवटची क्विझ सोडून दिलीत तरी चालेल, सगळे प्रश्न चूक की बरोबर असे आहेत आणि या विषयाला ते शोभत नाही. प्रार्थनेचं लेक्चर मात्र घरात श्रद्धाळू आणि नास्तिक दोघं असतील तर एकत्र बसून बघा.