विसार पावती की थेट नोंदणीकृत साठेखत? रीसेल फ्लॅटचा व्यवहार मध्येच अडला तर

रीसेल फ्लॅटचा भाव ठरला की महाराष्ट्रात पुढे दोन वाटा असतात. एक तर ५०० रुपयांच्या स्टँपवर विसार पावती (आगाऊ रकमेची लेखी पावती) करायची, थोडी रक्कम द्यायची आणि कागद तपासायला महिनाभर घ्यायचा. नाहीतर आठ-दहा दिवसांतच पूर्ण मुद्रांक शुल्क भरून साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवून टाकायचं. सगळं सुरळीत पार पडलं तर कोणती वाट धरली याने काही बिघडत नाही. काही अडलं की मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आधी पैशांचं पाहू. पुण्यात ८० लाखांच्या फ्लॅटवर पुरुष खरेदीदाराला ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी पडते. (रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकातली, किंमत करारातल्या किमतीपेक्षा जास्त निघाली तर शुल्क त्या किमतीवर.) विसार पावतीच्या टप्प्यावर व्यवहार मोडला तर यातला एक रुपयाही गेलेला नसतो. साठेखत नोंदवल्यावर मोडला तर नोंदणीकृत रद्दलेख करावा लागतो आणि त्यासाठी दोघांनाही दुय्यम निबंधकासमोर यावं लागतं. नोंदणी फी गेलीच समजा. शुल्काचा परतावा कायद्यातल्या ठरावीक कारणांसाठी आणि मुदतीतच मिळतो. रीसेलमध्ये तो मिळेलच असं धरून हिशेब मांडू नये. चलन भरलं पण दस्त झालाच नाही, तर सहा महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आता विक्रेता फिरला तर? इथे विसार पावती फार लंगडी पडते. ती सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सरकारी यादीत, दिसत नाही, त्यामुळे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वकिलाने सर्च (त्या यादीतला शोध) घेतला तरी त्याला तुमचा व्यवहार सापडणार नाही. कराराची पूर्तता करून मागण्याचा दावा तीन वर्षांच्या मुदतीत लावता येतो, पण निकाल लागेपर्यंत घराचा शोध थांबवून बसणं कुणाला परवडतं? 'विसाराच्या दुप्पट रक्कम परत' हे कलमही दिसतं तेवढं भक्कम नाही. वाद झाला तर कोर्ट लिहिलेला आकडा जसाच्या तसा देत नाही. तो कमाल मर्यादा धरून वाजवी भरपाई ठरवतं. नोंदवलेलं साठेखत मात्र सर्चमध्ये येतं आणि ते दिसलं की पुढच्या गिऱ्हाइकाची बँक कर्ज देत नाही. भाव चढत असलेल्या भागात हीच एक गोष्ट साठेखताच्या बाजूने पारडं झुकवते.

विक्रेत्याचा धोका नेमका उलटा असतो. खरेदीदाराचं कर्ज अडलं आणि साठेखत नोंदलेलं असलं, तर फ्लॅट अडकला. एकतर्फी रद्द करता येत नाही, आणि खरेदीदार फोन उचलेनासा झाला तर रद्दलेखावर सही कोण करणार? म्हणून विक्रेत्याने बँकेचं मंजुरीपत्र पाहिल्याशिवाय नोंदणीला जाऊ नये. नुसतं पगारावर दिलेलं मंजुरीपत्रही पुरेसं नाही. बँकेच्या वकिलाचा अहवाल आणि मूल्यांकन झालंय का ते विचारावं.

अडतं बहुतेकदा मूल्यांकनातच. बँक करारातली किंमत आणि आपलं मूल्यांकन यांतली कमी रक्कम धरते. ८० लाखांच्या फ्लॅटचं मूल्यांकन ७२ लाख आलं, तर ८० टक्क्यांनी कर्ज ६४ ऐवजी ५७ लाख ६० हजारच मिळतं. वरचे ६ लाख ४० हजार खिशातून, शिवाय मुद्रांक शुल्कही. ही तूट विसार पावतीच्या महिन्यात कळली तर भावाची पुन्हा बोलणी करता येतात. नोंदणीनंतर कळली तर पैसे उभे करणं एवढंच हातात उरतं.

वारसाहक्काने आलेल्या फ्लॅटला थेट साठेखत करूच नये, असं आमचं ठाम मत आहे. सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट केलेलं असतं आणि तो स्वतःला मालक समजून विकायला निघतो. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, किंवा त्या सगळ्यांच्या करारावर सह्या हव्यात. एखादी बहीण परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र लागतं आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. एवढ्या कामाला ३० दिवसांची विसार पावती अपुरी पडते. ६० ते ९० दिवस लिहून घ्या.

जुन्या करारांच्या साखळीतही (फ्लॅटच्या आधीच्या खरेदी-विक्रीच्या कागदांत) असंच. मूळ करार हरवला असेल तर पोलिसांकडे नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातली प्रमाणित प्रत, एवढं झाल्यावरच बहुतेक बँका पुढे सरकतात. आधीच्या एखाद्या करारावर शुल्क कमी भरलेलं निघालं तर फरकावर दरमहा २ टक्के दंड चढतो. तो कुणी भरायचा हे आधी लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं.

याउलट विक्रेता एकटा मालक आहे, सगळे मूळ कागद त्याच्या कपाटात आहेत, कर्ज नाही आणि तुमचं मंजुरीपत्र मूल्यांकनासह हातात आहे, तर विसार पावतीत दिवस घालवू नका. थेट नोंदणी करा. विक्रेत्याचं कर्ज शिल्लक असणं ही खरं तर सोपी अडचण आहे: त्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि कागदपत्रांची यादी घ्या, पैसे थेट त्याच्या कर्जखात्यात जाऊ द्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

बाकीच्यांसाठी विसार पावतीच बरी, पण ती नीट लिहिलेली. रक्कम किमतीच्या १ ते २ टक्क्यांच्या वर नको. शेवटची तारीख हवी. "मालकीत दोष निघाला किंवा कर्ज ठरलेल्या रकमेपेक्षा कमी मंजूर झालं तर विसार सात दिवसांत पूर्ण परत" हे वाक्य शब्दशः घाला. 'ताबा दिला' असा उल्लेख चुकूनही नको, कारण तेवढ्यावरून त्या कागदाला पूर्ण मुद्रांक शुल्क लागू शकतं. रक्कम चेकने किंवा बँकेतून द्या: मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि त्याच दिवशी विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे ना ते तपासा. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदाराला विक्रेत्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस (आगाऊ प्राप्तिकर) कापावा लागतो. पॅन निष्क्रिय असेल तर तोच २० टक्के होतो आणि कमी कापल्याची नोटीस खरेदीदाराला येते.