वेंगे कॅबिनेटखाली बेज मॅट टाइल: पसंत, पण ग्राउट जपून

स्वयंपाकघरात वेंगे (गडद तपकिरी लाकडी छटा) किंवा कोळशी लॅमिनेटच्या ट्रॉल्यांखाली २ बाय २ फुटांची बेज मॅट व्हिट्रिफाइड टाइल आम्हाला सगळ्यात सोयीची वाटते. पांढरीशुभ्र ग्लॉसी दुकानात झकास दिसते, पण ओट्यापुढे तिच्यावर केस न् केस दिसतो आणि तेल सांडलं की पाय घसरतो. काळी त्याहून वाईट: कणीक भुरभुरली किंवा बोअरचं पाणी वाळलं, की पांढरे डाग. शिवाय कॅबिनेट नि फरशी एकजीव होऊन खोली आक्रसते.

बेजमध्येही पिवळट झाक नको. वॉर्म दिव्याखाली ती आणखी पिवळी पडते. नमुना घरी आणा, शटरशेजारी जमिनीवर आडवा ठेवा आणि दिवसा-रात्री बघा. हलक्या करड्या शिरा असतील तर उत्तम, रोजची धूळ लपते. मॅट म्हणजे खरखरीत नव्हे, फार खडबडीत घेतली तर खाचांत मळ बसतो.

खरी गोची सांध्यांत. पांढरं सिमेंट भरलं की हळदीने ते पिवळं होणारच. टाइलांमध्ये २ मिमी स्पेसर (सारखी फट ठेवणारे छोटे तुकडे) लावून टाइलपेक्षा छटाभर गडद इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा राळेचा मसाला, भरा. महाग पडतं, पण डाग शोषत नाही. मात्र वरची चिकट साय त्याच दिवशी पुसून घ्या, सुकली की मॅटवरून निघता निघत नाही.

४ टाइलच्या खोक्यात साधारण साडेपंधरा चौरस फूट बसतं. ८० चौरस फुटांना तुटफुटीसकट ६ खोकी, सगळ्यांवर बॅच नंबर एकच हवा.