सुट्टीत सजवलेले कपडे: नवरात्र आणि धुलाईनंतर काय उरलं

मे महिन्यात मुलांनी घरी रंगवलेले, आरसे लावलेले कपडे आता नवरात्र, शरद पुनम आणि दिवाळी काढून कपाटात परत आलेत. सोसायटीतल्या बायका विचारतात, पुढच्या सुट्टीत आम्हीही करू का? फोटो बघून काही ठरवू नका, एवढंच सांगते. रंग ओला असताना सगळंच सुंदर दिसतं. तोच कपडा घामाने भिजला, मशीनमध्ये फिरला, गच्चीवर वाळला, इस्त्रीखालून गेला की मग काय ते कळतं. आमचं निम्मं काम टिकलं. ते टिकलं यात मुलांच्या कलेपेक्षा खालच्या कापडाचा आणि सासूबाईंच्या सुईदोऱ्याचा हात मोठा आहे.

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात एकत्र राहतो. माझी मुलगी सहावीत, पुतण्या आठवीत, पुतणी अजून शिशुवर्गात. उन्हाळ्यात इथला पारा बेचाळीसवर गेला की दुपारी मुलांना बाहेर सोडायची सोय नसते आणि मोबाईल काढून घेतला की घरात महाभारत. त्यात जावेच्या भावाने मुलांना भेट म्हणून एक तयार पेटी पाठवली: लहान बाटल्यांत सहा रंग, दोन ब्रश, स्टेन्सिल, डिंकाची ट्यूब, खड्यांची पुडी, प्लॅस्टिकचे आरसे आणि एक पांढरा टी-शर्ट. उद्योगाची सुरुवात तिथून झाली.

पेटीचं आधी सांगून टाकते, कारण सगळ्यात महाग तीच होती. कंपनीचं नाव घेत नाही, अशा पेट्या आता ढिगाने मिळतात. ब्रशचे केस रंगाबरोबर कापडावर उतरत होते. टी-शर्ट हाताला सुती लागत होता, पण आतल्या पट्टीवर पॉलिएस्टर जास्त लिहिलेलं होतं. डिंक एका बाहीत संपला. त्याच पैशात रावपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानातून कापडाच्या रंगांच्या 15 मिलीच्या सुट्या बाटल्या, दोन बरे ब्रश आणि मिडियमची (रंग पातळ करायच्या द्रवाची) बाटली आली असती. नंतर आम्ही तसंच आणलं. सुट्यात आणखी एक फायदा म्हणजे पांढरा दोन बाटल्या घेता येतो. मुलांचा पांढरा सगळ्यात आधी संपतो आणि पेटीत तो नेमका एकच असतो.

आता रंगाबद्दल. कापडाच्या रंगात रंगद्रव्य असतं आणि त्याला धरून ठेवणारा अ‍ॅक्रिलिकचा चिकट द्रव असतो. पाणी उडून गेलं की त्या द्रवाचा पातळ पापुद्रा होतो आणि तो रंगाला धाग्याशी जखडून ठेवतो. म्हणून धागा मोकळा हवा. नव्या कापडाला खळ असते, ती न काढता रंगवलं तर रंग खळीवर बसतो आणि खळीबरोबरच धुऊन जातो. आम्ही सगळे कपडे आधी साबणाने धुऊन घेतले, कम्फर्टसारखं काही न घालता. नवऱ्याचे जुने पांढरे कुर्ते तर मऊ होऊन तयारच होते. सगळ्यात छान रंग त्या जुन्या कुर्त्यांवर बसला, नव्या कापडावर नव्हे. घरात जुनं सुती काही असेल तर नवीन आणूच नका.

रंगवताना कपड्याच्या आत पुठ्ठा घालायचा, नाहीतर पुढचा मोर पाठीवरही उमटतो. रंग पातळ करायला नुसतं पाणी ओतलं की तो कापडात पसरत जातो. त्यासाठी मिडियम लागतं. काम झालं की एक अख्खा दिवस वाळू द्यायचं. मग वाफ बंद करून, सुती कापडाच्या आचेवर, उलट्या बाजूने काही मिनिटं इस्त्री फिरवायची. त्यानंतर तीन दिवस पाणी लावायचं नाही. ही इस्त्री पुष्कळ जण सोडून देतात. आमच्याकडे त्याचा पुरावाच आहे. पुतण्याच्या कुर्त्याची डावी बाही इस्त्री करायची राहून गेली. रंग त्याच बाटलीतला, हातही त्याचाच, धुणंही एकत्रच. उजव्या बाहीवरचे हत्ती अजून लाल आहेत आणि डावीकडचे विटलेल्या गुलाबी रंगाचे. तो म्हणतो, ते पिल्लं आहेत.

टी-शर्टवरचा अनुभव वेगळा. होजिअरी ताणली जाते, रंगाचा जाड थर ताणला जात नाही. मुलीने छातीवर मोर काढून त्याच्या गळ्याला ट्यूबमधल्या उठावाच्या रंगाने निळी रेघ दिली होती. पहिले काही दिवस ती रेघ बोटाला लागायची, मुलांना तेच भारी वाटायचं. टी-शर्ट डोक्यातून काढता-घालताना तिला आडव्या बारीक चिरा पडल्या आणि आता मधले मधले तुकडे उडून ती तुटक झाली आहे. त्याच मोराच्या पिसाऱ्यात ब्रशने पातळ दिलेला हिरवा मात्र जसाच्या तसा आहे. पेटीतल्या त्या टी-शर्टवरचा रंग पापड निघावा तसा निघाला. तिथे दोष थराचा नाही, धाग्याचा. पॉलिएस्टर गुळगुळीत असतं आणि त्यावर सुतीइतकी तापलेली इस्त्रीही चालत नाही. मुलीच्या चकचकीत तयार चणियावर (घागऱ्यावर) काढलेल्या वेलीचीही तीच गत झाली. शेवटी त्या जागी लेस शिवून टाकली, ती उत्तम राहिली.

खरी मजा, आणि खरा वेळ, आरशांत गेला. मंगळ बाजाराच्या बाजूला लेस-टिकल्यांच्या दुकानात आरसे मागितले तर दुकानदाराने पहिला प्रश्न केला, "बेन, गरबा माटे के शो माटे?" शोसाठी म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनाला, एकदा घालायचं आणि ठेवून द्यायचं. त्याला प्लॅस्टिकचे चालतात, हलके आणि स्वस्त. पण त्यांच्यावर चरे पडतात आणि इस्त्री लागली की वाकतात. गरब्यासाठी त्याने काचेचे काढले. हे आपल्याकडे खेडा जिल्ह्यातल्या कपडवंजला होतात. काचेचा मोठा पातळ गोळा फुंकायचा, त्याला आतून चांदीसारखा लेप द्यायचा आणि मग तुकडे पाडायचे. म्हणून जवळून पाहिलं तर प्रत्येक आरशाला किंचित बाक असतो आणि तो एका जागी न चमकता हलताना चमकतो. तिसरा प्रकार रिंगवाला, म्हणजे आरशाभोवती दोऱ्याने गुंडाळलेली कडी असते आणि ती नुसती टाचायची. घाईत असाल तर हाच घ्या. शिवलेल्या आरशाची सर त्याला नाही, पण पडत नाही.

सासूबाईंनी मुलांना बसवून टाका शिकवला. आरसा बोटाने दाबून ठेवायचा, त्यावरून दोन धागे उभे आणि दोन आडवे घ्यायचे, आडवे धागे उभ्यांना अडकवत. मध्ये छोटा चौकोन दिसतो. मग कडेकडेने काजटाका: सुई त्या चौकोनाच्या धाग्याखालून काढायची, दोरा बाहेर ओढायचा, कापडात एक बारीक टाका घ्यायचा, की पुन्हा धाग्याखालून. ओढत गेलं की चौकोनाचे कोपरे मोडतात आणि गोल खिडकी उघडते. पहिले धागे आरशाच्या काठाजवळ घेतले तर आरसा निसटतो, फार मध्ये घेतले तर सगळा दोराच दिसतो, आरसा दिसत नाही. मुलीला हे दोन-तीन आरशांनंतर जमलं. पुतण्याचं धसमुसळं काम, पण त्याचे टाके इतके घट्ट की सासूबाई म्हणाल्या, "हा पोरगा गोणपाट शिवेल छान." पुतणीला सुई दिली नाही, तिला बटणं निवडायला बसवलं. काचेच्या कडा बोथट केलेल्या असल्या तरी एखाददुसरी धारदार निघते, मोठ्यांनी आधी बोट फिरवून बघावं.

जावेला एवढा धीर नव्हता. तिने तिच्या ओढणीला आणि पुतण्याच्या केडियाच्या (गरब्यात मुलगे घालतात त्या घेरदार अंगरख्याच्या) पाठीला आरसे कापडाच्या डिंकाने लावले. तासाभरात सगळं झगमगीत, आणि आम्ही अजून एका बाहीवर. "चिकटवलंय ना, मग सुटणारच," हे सासूबाईंनी तेव्हाच ऐकवलं होतं. पहिल्याच रात्री दोडिया नावाच्या गरब्याच्या गिरक्या, घाम, पाठीवर ओढण्यांचं घासणं, आणि आरसे एकेक करून ग्राउंडवर. चार आरसे गेले याचं काही नाही. पण बडोद्यात निम्मं ग्राउंड अनवाणी खेळतं. काचेचे तुकडे मातीत आणि वर हजारो पावलं, हे चालणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी केडियावरचे उरलेले सगळे काढले. गरब्याला जाणाऱ्या कपड्यावर काच चिकटवू नका, ही एक गोष्ट मी सक्तीनेच सांगेन. चिकटवायचंच तर टिकल्या चिकटवा.

याच दुपारी सासूबाईंनी बडोद्याच्या मोत्यांच्या गालिच्याची गोष्ट काढली. खंडेराव महाराजांनी तो 1865 च्या सुमारास करवून घेतला होता, रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर लाखो बारीक बसरा मोती. 2009 मध्ये दोहाला त्याचा लिलाव झाला. "ते मोती शिवलेत म्हणून लिलावापर्यंत पोचले. तुमच्या डिंकाने लावले असते तर महाराज असतानाच केरात गेले असते." जाऊ हसली, पण दिवाळीनंतर तिने ओढणीला सुई लावली आहे.

शिवलेल्या आरशांपैकी सैल होऊन एकही पडला नाही. दोन-तीन तडकले, तेही गच्चीवरच्या दगडावर आमच्या धुणंवाल्या बेननी केडियू सवयीने धोपटलं तेव्हा. मशीनमध्ये उलटं करून, जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात, कमी फेऱ्यांवर टाकलं तर काही होत नाही. भिजत ठेवायचं नाही, पिळायचं नाही, वाळत घालायचं ते सावलीत. इस्त्री नेहमी उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून.

वजनाचा विचार मात्र आधी करा. काचेचे आरसे मुठीत हलके वाटतात. मोठ्या घेराच्या चणियाला सगळीकडे लावले की नाडी कमरेत रुतते आणि मूल दहाव्या मिनिटाला खुर्चीवर. आम्ही घेरावर फक्त खालच्या पट्टीत, विरळ लावले, बाकी चोळीच्या बाह्या आणि केडियाची छाती. प्रकाश पडतो तो वरच्याच भागावर, खालचं गर्दीत कोण बघतंय.

उष्णतेने चिकटणारे खडे सुतीवर बऱ्यापैकी राहिले, तेही सरळ बाजूने इस्त्री लागू दिली नाही म्हणून. मागचा डिंक उष्णतेने वितळून बसलेला असतो, तो उष्णतेनेच सुटतो. ग्लू गनचंही तेच, शिवाय कापडावर त्याचा टणक गोळा होतो आणि गळ्याजवळ टोचतो. ग्लिटरबद्दल एकच: ते कपड्यावरून महिन्याभरात गेलं, सोफ्यावरून गणपतीपर्यंत गेलं नाही. बाजारातल्या रंगाच्या पुडीने बांधणी करून पाहिली, ती दर धुण्याला रंग सोडते, अजून वेगळी धुते. बांधणी करायचीच असेल तर धुण्याच्या सोड्याबरोबर वापरायचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग शोधा. तो सुती धाग्याशी रासायनिकदृष्ट्या जोडला जातो. पण ते काम मोठ्यांचं, हातमोजे घालून.

पुढच्या सुट्टीसाठी मुलीने लाकडी ठशांची मागणी केलेली आहे. गांधीनगरजवळच्या पेथापूरला सागवानाचे ठसे कोरतात, तिथून एखादा बारीक बुट्टीचा आणायचा विचार आहे. मुलांच्या हाताला ठसा ब्रशपेक्षा सोपा जातो आणि थर आपोआप पातळ बसतो. स्पंजवर रंग पसरून ठसा टेकवायचा, बाटलीत बुडवायचा नाही.

उरलेल्या बाटल्यांपैकी पांढरा आणि पिवळा घट्ट झाला, त्यांची तोंडं पुसून बंद केली नव्हती. बाकीचे चालू आहेत. झाकणाच्या आट्यांत वाळलेला रंग राहिला की झाकण बसत नाही आणि आत हवा जाते, म्हणून रोज काम संपलं की ओल्या फडक्याने आटे पुसून घ्यायचे. पेटीतले सहाच्या सहा रंग मात्र पावसाळ्यातच वाळून गेले होते.