उएनो की शिंजुकु ग्योएन?

टोकियोत साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या फुलांसाठी, एकच दिवस हाताशी असेल, तर घोडं बहुतेकांचं याच दोन बागांपाशी अडतं. मी दोन्हीकडे जाऊन आलोय, दोन्ही वेळा आईला घेऊन.

उत्सव अनुभवायचा असेल तर उएनोच. १६२५ साली इथे कानएइजी मंदिर उभं राहिलं, आवारात साकुरा लावले गेले, तेव्हापासून लोक फुलं बघायला येताहेत. तिकीट नाही. संध्याकाळी कागदी कंदील लागले की डोक्यावरची फुलं खालून उजळतात, ते दृश्य खरंच विसरता येत नाही.

अडचण बसण्याची. आम्ही अकराला पोचलो तेव्हा झाडांखाली निळ्या ताडपत्र्या आधीच अंथरलेल्या होत्या. एकीवर सुटाबुटातला एक मुलगा गाढ झोपला होता, चकचकीत बूट कडेला नीट जोडून ठेवलेले. ऑफिसची मंडळी येईपर्यंत जागा राखायचं काम त्याच्याकडे आलं असणार. रस्त्यावर गर्दी इतकी, की थांबलं की मागून रेटा. आईचे गुडघे दुखायला लागले. शेवटी एका दगडी कठड्यावर जागा मिळाली, तीही फुलांकडे पाठ करून. दिवसभरातली तेवढी एकच गोष्ट मला लागून राहिली.

ग्योएनला ५०० येन पडतात, दारात पिशव्या तपासतात आणि दारूला बंदी आहे. कुणाला हे जाचक वाटेल, मला मात्र त्या बंदीमुळेच तिथे शांतता वाटली. हिरवळ ऐसपैस. आईने चादर टाकली, डबा उघडला, आणि चक्क पाय पसरून आडवी झाली.

आणखी एक. सोमेई योशिनो या साकुराच्या जातीची झाडं म्हणजे सगळी एकाच झाडाची कलमं, म्हणून एकदम फुलतात आणि पावसाची एक सर आली की एकदम झडतात. आम्ही ग्योएनला गेलो ते एप्रिलच्या मध्यावर, तोवर ती संपली होती. पण इथे उशिरा फुलणाऱ्या जातीही आहेत: फिकट गुलाबी इचियो, गडद कान्झान. पाकळ्यांचे नुसते गेंद! विमानाची तिकिटं आधीच काढलेल्यांना हा मोठाच आधार.

तुमच्यासोबत तरुण मंडळी असतील तर कदाचित उएनोच आवडेल. वडीलधारं कुणी असेल तर मी ग्योएन म्हणेन. ऐन बहरात काही दिवस आगाऊ नोंदणी लागते, तेवढं पाहून घ्या. फाटक संध्याकाळीच बंद होतं. कंदील बघायचेच असतील तर तिथून यामानोते लाइनच्या लोकलने उएनो गाठता येतं, तोवर पायांना विश्रांतीही मिळालेली असते.