फ्रेंडशिप पीक: समिट झालं नाही तरी चार स्टार

आमच्याच बॅचमधल्या दोघांनी या ट्रेकिंगवाल्या लोकांना एक स्टार दिलाय, कारण काय तर पैसे घेतले आणि समिट न करता खाली आणलं. मी नेमके त्याच गोष्टीसाठी चार देतेय.

फ्रेंडशिप ५२८९ मीटर, मनालीच्या वर सोलंगकडून जायचं. सोपं शिखर म्हणून खपवतात, त्यामुळे सह्याद्रीत चार किल्ले केलेली पब्लिक पण थेट बुकिंग करते, पण लेडी लेग कॅम्पच्या वरची ढाल (बर्फाचा उतार) बघितली की सोपं वगैरे सगळं विसरायला होतं. ॲव्हलांच म्हणजे हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरच सुटतो, त्याहून खड्या ठिकाणी बर्फ फारसा साठतच नाही, म्हणजे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लोखंडी खिळे) लावून चढायला जी ढाल बरी वाटते तीच धोक्याची.

आदल्या दुपारपासून बर्फ पडत होता, रात्री वर सोसाट्याचा वारा. निघायच्या वेळी मात्र आभाळ एकदम मोकळं, चांदणं पडलेलं, आम्ही हार्नेस घालून रेडी, आणि लीडर दादा फावडं घेऊन ढालीच्या कडेला खड्डा खणतोय! मग आम्हाला बोलावून दाखवलं, खाली आधी पडलेला पिठासारखा हलका बर्फ, त्यावर वाऱ्याने ठासलेली जाड लादी. वरून फावडं ठेवून हाताने दोन-चार थापा मारल्या तर लादी अख्खीच्या अख्खी पुढे सरकली. "ऊपर हम चलेंगे तो यही होगा, आज नहीं." विषय संपला. एकाने खूप हुज्जत घातली, लिहून देतो म्हणे माझी जबाबदारी, पण दादा ढिम्म. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा २ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटची गिर्यारोहण ट्रेनिंगची तुकडी ॲव्हलांचमध्ये सापडली होती, २९ जण गेले, त्यात त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू करून आलेली सविता कंसवाल पण होती. तिथे या लिहून देणाऱ्याचं काय घेऊन बसलात.

उंचीच्या त्रासाबाबत पण टीम जागी आहे. एक मुलगा डोकेदुखी लपवत होता, रात्री त्याला बसल्या जागी धाप लागायला लागली आणि खोकला, तर उजाडायची वाट न बघता टॉर्चवर खालच्या बकरथाच कॅम्पला उतरवला. फुफ्फुसात पाणी व्हायला लागलं की खाली नेणं हाच खरा इलाज, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) देऊन वेळ मारून नेता येत नाही.

एक स्टार कापला तो बीकनसाठी, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला अंगावर बांधायचं सिग्नलचं यंत्र. लीडर आणि असिस्टंट दोघांकडेच होते, आम्हाला नाही. अहो मग गाडलो गेलो तर शोधणार कसं?? ४५७ किलोहर्ट्झचा सिग्नल आमच्या अंगावरून यायला हवा ना. पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत काढलं तर वाचायची चांगली शक्यता असते, पुढे ती झपाट्याने घसरते, आणि खालून मदत यायला कित्येक तास. ऑफिसात विचारलं तर "मॅडम, भाडं परवडत नाही". फी वाढवा की मग, बीकन द्या, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावड्यासकट, आम्ही देऊ पैसे.

जेवण मस्त, राजमा-चावल तर फर्स्टक्लास. भाड्याचे बूट मनालीतच जाड मोजे घालून, चालून बघून घ्या. आणि बॅचला बफर डे (हवामान बिघडलं तर राखीव दिवस) आहे का ते बुकिंगआधी स्पष्ट विचारा, आमच्या बॅचला नव्हता, असता तर ताजा बर्फ बसायला थोडा वेळ मिळून कदाचित दुसरा चान्स घेता आला असता.